वजन उतरत असताना कपड्यांवर बेताने खर्च कसा करावा

वजन उतरू लागले की काही आठवड्यांतच पॅंट कमरेवरून घसरू लागते, शर्टाचे खांदे दंडावर लोंबतात आणि कपाट भरलेले असूनही बाहेर पडताना घालण्याजोगे काही सापडत नाही. अशा वेळी काही जण ठरलेले वजन गाठेपर्यंत एकही नवा कपडा घ्यायचा नाही असा पण करतात आणि महिनोन्महिने ढगळ कपड्यांत वावरतात. काही जण एक माप उतरताच उत्साहाच्या भरात कपाटभर खरेदी करतात आणि थोड्याच दिवसांत तीही ढगळ होऊन बसते. पहिल्या प्रकारात मेहनतीने घडवलेला बदल आरशातही नीट दिसत नाही, दुसऱ्यात पैसे पाण्यात जातात. शहाणपणाचा मार्ग या दोहोंच्या मधला आहे. शरीर बदलत असेपर्यंत जुने कपडे आत घेत राहावेत, जे आत घेता येत नाहीत तेवढेच नवे घ्यावेत, तेही मोजके आणि आजच्या मापाचे, आणि चांगल्या कपड्यांसाठीचा पैसा वजन स्थिरावेपर्यंत राखून ठेवावा.

किती काळाची सोय करायची, याचा हिशेब

वजन कमी करण्याचा सुरक्षित वेग आठवड्याला साधारण अर्धा ते एक किलो मानला जातो. तयार कपड्यांचे एक माप उतरायला ढोबळमानाने ४ ते ६ किलो वजन कमी व्हावे लागते. उंच माणसाला यापेक्षा जास्त, बुटक्याला कमी. म्हणजे ५ किलोला एक माप धरले, तर एका मापात आपला मुक्काम पाच ते दहा आठवड्यांचा असतो, आणि १५ किलो कमी करायचे असतील तर वाटेत तीन मापे ओलांडावी लागतात. मधल्या काळात घेतलेल्या प्रत्येक कपड्याचे आयुष्य हे एवढेच आहे, हा आकडा एकदा डोळ्यांसमोर आला की महागडी जीन्स हातातून आपोआप खाली ठेवली जाते.

दोन गोष्टी मात्र लक्षात असू द्याव्यात. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत काटा भराभर खाली येतो, कारण शरीरातील ग्लायकोजेनचा (साठवलेल्या साखरेचा) साठा आणि त्याच्याबरोबर धरून ठेवलेले पाणी कमी होते. या काळातील घट पाहून कपडे आत घेण्याची घाई करू नये. शिवाय पुढे कधी ना कधी वजन काही आठवडे एकाच जागी अडकून बसते, त्यामुळे वरचा हिशेब प्रत्यक्षात लांबतो. आखणी करताना दहा आठवड्यांचाच आकडा धरावा, असे मी सुचवीन.

काट्यापेक्षा टेपवर विश्वास ठेवा

कपड्यांच्या बाबतीत किलोचा आकडा फारसा उपयोगाचा नाही. दिवसभरात वजन एक-दोन किलोंनी सहज खालीवर होते, आणि व्यायाम चालू असेल तर वजन न बदलताही कंबर बारीक होते. म्हणून दर महिन्याला, सकाळी पोट रिकामे असताना, छाती, कंबर, नितंब, मांडी आणि दंड यांची मापे सेंटीमीटरमध्ये घेऊन तारखेसह लिहून ठेवावीत. कंबर मोजताना शेवटची बरगडी आणि नितंबाच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध टेप धरावी, सहज श्वास सोडावा आणि मग आकडा वाचावा. पॅंट जिथे बसते तिथला घेर यापेक्षा वेगळा असतो, तो स्वतंत्र मोजावा, कारण खरेदीच्या वेळी तोच कामी येतो.

बायकांच्या तयार कपड्यांत एका मापापासून दुसऱ्या मापापर्यंत सहसा ४ ते ५ सेंटीमीटरचे अंतर असते आणि पुरुषांच्या पॅंटी कमरेच्या एक किंवा दोन इंचांच्या टप्प्याने मिळतात. त्यामुळे कमरेचा किंवा नितंबाचा घेर ५ सेंटीमीटरने उतरला की कपड्यांकडे वळावे, त्याआधी नाही. कपड्यावर छापलेल्या मापाच्या क्रमांकाला मात्र फार महत्त्व देऊ नये. एका कंपनीचा क्रमांक दुसऱ्या कंपनीशी जुळत नाही, आणि ‘मी एवढ्या नंबरात बसलो’ या आनंदापोटी घेतलेला घट्ट कपडा हा सर्वांत महाग पडणारा कपडा असतो.

कपाटाची छाननी

खरेदीचा विचार करण्याआधी एखादी निवांत दुपार काढून कपाटातील प्रत्येक कपडा अंगावर घालून पाहावा. नुसता हातात धरून अंदाज करू नये. सुरुवात घट्ट झाल्यामुळे मागे पडलेल्या जुन्या कपड्यांपासून करावी, कारण तीच आपली फुकटची खरेदी आहे. पूर्वी वजन वाढत असताना बाजूला टाकलेले कपडे आता उलट्या क्रमाने पुन्हा अंगाला येणार असतात. ते मापाच्या उतरत्या क्रमाने रचून ठेवावेत आणि दर महिन्याला मापे घेताना पुढचे दोन-तीन घालून पाहावेत. हे केले नाही तर एखादा चांगला कपडा आधी घट्ट आहे म्हणून आणि नंतर ढगळ झाला म्हणून, दोन्ही वेळा न वापरताच हातचा जातो. त्याच वेळी ऋतूकडेही पाहावे लागते. लोकरीचा स्वेटर ऐन उन्हाळ्यात मापात बसणार असेल, तर त्याच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही.

उरलेल्या कपड्यांतून आज व्यवस्थित बसणारे, थोडे सैल पण आत घेण्याजोगे आणि पुरते ढगळ असे गट पडतात. नेहमीच्या वापरात खरोखर किती कपडे लागतात, हेही याच वेळी दिसून येते. तीन पॅंटी आणि एकमेकींशी रंग जुळणारे पाच शर्ट किंवा टॉप एवढ्यांतून पंधरा जोड्या होतात. अधूनमधून धुणे पडत असेल, तर मधल्या काळाला तेवढ्या पुरतात. रंग जुळण्याची अट मात्र पाळली पाहिजे. एकाच पॅंटवर चालणारा शर्ट या काळात चैनीत मोडतो.

काय आत घेता येते आणि काय नाही

इथे खांद्यापासून सुरुवात करावी. शर्ट, कोट, जाकीट, ड्रेस यांची खांद्याची शिवण आपल्या खांद्याच्या हाडाच्या टोकावर किंवा तिथून फार तर एक-दीड सेंटीमीटर बाहेर येत असेल, तर तो कपडा वाचवता येतो. ती दंडावर उतरली असेल तर बाही उसवणे, मुंढा (बाही जोडण्याची काखेची गोलाई) नव्याने कापणे आणि बाही पुन्हा चढवणे एवढी कामे करावी लागतात. अस्तराच्या कोटात तर मजुरी जवळजवळ नव्या कपड्याच्या जवळ जाते. खांद्याची हाडे वजनाबरोबर बारीक होत नाहीत, त्यामुळे पुष्कळसे कपडे छातीत आणि पोटात ढगळ होऊनही खांद्यात बसत राहतात, ही त्यातली समाधानाची गोष्ट. फार मोठ्या मापापासून सुरुवात केलेल्यांच्या कपड्यांचे खांदे मात्र मुळातच रुंद असतात. ते कपडे मुकाट्याने सोडून द्यावेत.

याउलट शर्टाच्या किंवा ड्रेसच्या बाजू आत घेणे, पाठीत दोन डार्ट (कापड आत घेणाऱ्या निमुळत्या शिवणी) घालणे, स्कर्टचा घेर कमी करणे, बाही अरुंद करणे ही शिंप्याच्या हातची सोपी आणि स्वस्त कामे आहेत. पॅंटच्या बाबतीत मर्यादा थोडी आधी येते. मागच्या मधल्या शिवणीतून साधारण दोन इंचांपर्यंत कंबर नीट आत घेता येते; त्यापलीकडे गेले की मागचे दोन खिसे एकमेकांच्या अंगावर येतात आणि आसनाचा (बैठकीच्या भागाचा) तोल बिघडून कापड पायांच्या मध्ये गोळा होते. दोन इंचांहून जास्त सैल झालेल्या पॅंटला कमरेबरोबर आसन, मांडी आणि मोहरी (पायाचा खालचा घेर) या सगळ्यांतच हात घालावा लागतो. ती मजुरी पाच-दहा आठवड्यांच्या वापरासाठी देणे मला पटत नाही.

शिंप्याकडे कपडा देताना दोन गोष्टी बजावून सांगाव्यात. पहिली, आत घेतलेले कापड कापून टाकू नका, आतच राहू द्या. ही माया (शिवणीतले जास्तीचे कापड) शिल्लक असेल तर वजन थोडे परत वाढल्यास शिवण उसवून कपडा सैल करता येतो. दुसरी, बेताचे आत घ्या, पण घट्ट करू नका. पुढच्या मापाचा अंदाज बांधून आधीच घट्ट केलेला कपडा आजही घालता येत नाही आणि पुढे तो नेमका बसेल याचीही खात्री नसते. एकाच कपड्याला दुसऱ्यांदा शिंप्याकडे नेण्याची वेळ आली तर थांबून विचार करावा. दोन वेळच्या मजुरीत बहुतेकदा वापरलेला पण चांगला दुसरा कपडा येतो.

गरम पाण्यात धुऊन कपडा आटवण्याचा उपाय पुष्कळजण सुचवतात. त्याच्या नादी लागू नये. सुती कापड आटते हे खरे, पण ते सगळीकडे सारखे आटत नाही, बहुधा लांबीत जास्त आखडते, आणि कापडात इलॅस्टेनचे, म्हणजे ताणले जाणारे, धागे असतील तर उष्णतेने त्यांचा ताणच मरतो. हाती येतो तो आखूड आणि तरीही ढगळ शर्ट.

घरी करता येण्याजोगी दोन कामे

सुईदोरा हाताळण्याची सवय असलेल्या कोणालाही पॅंटच्या कमरेत इलॅस्टिक घालणे जमते, आणि या काळात त्याच्याइतका उपयुक्त उपाय दुसरा नाही, कारण कंबर आणखी थोडी उतरली तरी इलॅस्टिक तिच्याबरोबर आवळत जाते. पॅंट उलटी करावी. कमरपट्टीच्या मागच्या भागात, दोन्ही बाजूंच्या शिवणींपासून दोन-दोन बोटे मागे, फक्त आतल्या पदराला उभी छोटी चीर द्यावी. बाहेरच्या पदराला कात्री लागणार नाही याची काळजी घ्यावी. कमरपट्टीपेक्षा थोडे अरुंद, पण मजबूत इलॅस्टिक निवडावे. दोन चिरांमधले अंतर समजा ३० सेंटीमीटर आहे आणि कंबर ५ सेंटीमीटरने कमी करायची आहे, तर तयार लांबी २५ हवी. अंगावर इलॅस्टिक थोडे ताणले जाते म्हणून एक सेंटीमीटर वजा करून, दोन्ही टोके शिवण्यासाठी दोन सेंटीमीटर मिळवून, २६ सेंटीमीटरचा तुकडा कापावा. एका टोकाला सेफ्टी पिन लावून तो पट्टीतून ओवावा आणि आधी एक टोक चिरेपाशी पक्के शिवावे. मग दुसरे टोक ओढून नुसते टाचावे, पॅंट घालून बसून-वाकून पाहावे, आणि समाधान झाल्यावरच दुसरे टोक शिवून चिरा बंद कराव्यात. मागे पडणाऱ्या चुण्या शर्टाखाली झाकल्या जातात. जिच्या कमरपट्टीत कडक कॅनव्हास घातलेला असतो अशा पॅंटीत हा उपाय चालत नाही.

दुसरे काम शर्टाच्या किंवा टॉपच्या बाजू आत घेण्याचे. यात गणित चुकण्याचाच धोका अधिक असतो. एका बाजूची शिवण जेवढी आत सरकते तेवढे कापड पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही पदरांतून जाते, आणि बाजू दोन असतात. त्यामुळे एकूण घेर ५ सेंटीमीटरने कमी करायचा असेल तर प्रत्येक बाजूची नवी शिवण जुन्या शिवणीच्या केवळ सव्वा सेंटीमीटर आत यायला हवी. हिशेब न करता पाच सेंटीमीटर आत शिवलेला शर्ट वीस सेंटीमीटरने आवळून बसतो. खडूने रेघ आखताना काखेपाशी जुन्या शिवणीवरूनच सुरुवात करून ती हळूहळू आत वळवावी. काखेत एकदम कापड घेतले की हात वर करताना सगळा शर्ट ओढला जातो. आधी कच्चा टाका घालावा आणि शर्ट सुलटा घालून आरशासमोर हात वर-पुढे करून पाहावेत, बटणांमध्ये फट पडत नाही ना ते बसूनही पाहावे. त्यानंतर मशीनवर टीप मारावी आणि मगच कच्चे टाके काढावेत.

विकत काय घ्यावे

एवढे करूनही काही वस्तू घ्याव्याच लागतात. माझ्या मते पहिला खर्च अंतर्वस्त्रांवर व्हावा, कारण ती आत घेता येत नाहीत आणि ढगळ झाली की वरचा कोणताही कपडा नीट बसत नाही. ब्रा घेताना ती सर्वांत बाहेरच्या हुकवर नेमकी बसेल अशी निवडावी, म्हणजे पाठीचा घेर उतरत गेला की आतले हुक वापरता येतात. पाठीचा घेर कमी झाला पण कप भरलेला राहिला, तर घेराचे माप एकाने खाली आणि कपाचे अक्षर एकाने वर न्यावे. उदाहरणार्थ, ३६ सी आणि ३४ डी यांच्या कपाचे आकारमान सारखेच असते. एका मापाच्या दोन-तीन ब्रा पुरतात, डझनाने घेण्याची ही वेळ नव्हे.

त्यानंतर रोज वापरायची एक चांगली बसणारी पॅंट, आणि कामाच्या ठिकाणी नीटनेटके दिसणे भाग असेल तर दोन. वरचे कपडे थोडे सैल असले तरी खपून जातात, खालचा कपडा मापात असला की सगळी बांधणी सुबक दिसते. निवड करताना कापडापेक्षाही रचनेकडे पाहावे. नुसत्या इलॅस्टिकची कंबर काही आठवड्यांत सैल होते, नाडीची मात्र दोन-अडीच मापांपर्यंत साथ देते. समोरून एकावर एक घेऊन बाजूला बांधायचे ड्रेस आणि स्कर्ट, पाठीमागे बांधायच्या नाड्या असलेले टॉप, बाजूला पट्टी आणि बटण असलेल्या पॅंटी हे शरीराबरोबर लहान करता येतात. थोडा ताण असलेले विणीचे कापड चांगले, परंतु फार ताणाचे नको. ते सैल झाले की गुडघ्यांत आणि कोपरांत फुगे येतात. व्यायामाचे कपडे मात्र मापातलेच असावेत. सायकलच्या साखळीत किंवा ट्रेडमिलच्या पट्ट्यात अडकू शकणारी लोंबती पॅंट काटकसरीत बसत नाही.

पुढे कधी तरी बसेल म्हणून लहान मापाचा कपडा आजच घेऊन ठेवण्याची कल्पना फार लोकप्रिय आहे. मला ती मान्य नाही. वजन शरीराच्या सगळ्या भागांतून सारखे उतरत नाही. कोणाचे पोट आधी जाते, कोणाच्या मांड्या शेवटपर्यंत हटत नाहीत. त्यामुळे पुढच्या मापात आपला आकार कसा असेल हे आज सांगता येत नाही, आणि कपाटातला तो कपडा बहुतेक वेळा टोचणीच लावत राहतो.

वापरलेले कपडे घेणे या काळाला सर्वांत सोयीचे आहे. मित्रमैत्रिणींत किंवा नातेवाइकांत कोणी त्याच वाटेवर असेल, तर मापांची अदलाबदल करावी. एकाचे ढगळ झालेले कपडे दुसऱ्याला नेमके होतात. अनोळखी व्यक्तीकडून घेताना क्रमांक विचारू नये, कपडा सपाट पसरून घेतलेली मापे विचारावीत. एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंतचे अंतर दुप्पट केले की छातीचा घेर मिळतो, आणि बेताच्या सैल शर्टासाठी तो अंगाच्या मापापेक्षा ८ ते १० सेंटीमीटर जास्त हवा. सर्वांत सोपे म्हणजे आपला चांगला बसणारा कपडा पसरून मोजावा आणि त्याच्याशी ताडून पाहावे. काखेतले डाग, मांड्यांच्या आतल्या बाजूला विरलेले कापड, अडकणारी चेन आणि मेलेले इलॅस्टिक या चार जागा तपासल्याशिवाय घेऊ नये. एखाद्या समारंभापुरता भारी पोशाख हवा असेल तर तो भाड्याने आणावा.

पट्टा, बूट, अंगठी

पट्ट्याची भोके साधारण एक-एक इंचावर असतात. पाचवे भोकही सैल झाले की नवी भोके पाडत बसू नये, शेपटी लांब होऊन विद्रूप दिसते. ज्यांचे बक्कल स्क्रूने किंवा चापाने बसवलेले असते ते पट्टे बक्कलच्या बाजूने कापून आखूड करता येतात. पायांची रुंदी थोडी कमी होऊन बूट सैल वाटू लागले तर आत जाड तळवा घालावा. अंगठी बोटातून निसटू लागली तर ती काढून ठेवावी किंवा आतून बसवायचे छोटे आवरण वापरावे. वजन स्थिरावण्याआधी सोनाराकडून ती लहान करून घेऊ नये, कारण बोटांची जाडी ऋतूनुसारही बदलते.

ढगळ कपड्यांचे काय करावे

कमी झालेले वजन काही प्रमाणात परत येणे अगदी सामान्य आहे, म्हणून सगळे मोठे कपडे उतावळेपणाने देऊन टाकू नयेत आणि सगळे जपूनही ठेवू नयेत. आजच्या मापाच्या लगतचे एक मोठे माप ठेवावे, तेही त्यातले उत्तम तेवढेच. त्यापलीकडचे विकावेत किंवा देऊन टाकावेत. विकायचे असतील तर त्यांचा ऋतू सुरू होण्याच्या सुमारास विकावेत आणि येणारी रक्कम पुढच्या मापाच्या खर्चासाठी वेगळी ठेवावी. ठेवायचे कपडे न धुता बांधून ठेवू नयेत, कारण घामाचे न दिसणारे डाग साठवणुकीत पिवळे पडतात आणि कसरही अशाच कपड्यांना आधी लागते. विणीचे कपडे टांगले तर लांबतात, म्हणून घडी घालून सुती पिशवीत ठेवावेत आणि पिशवीवर माप व तारीख लिहावी.

वजन स्थिरावल्यावर

ठरवलेले वजन गाठल्यानंतरही साधारण तीन महिने थांबावे. या काळात वजन दोन किलोंच्या आतबाहेर राहिले आणि कमरेचे माप बदलले नाही, तर राखून ठेवलेला पैसा काढावा. तेव्हाही सगळे एकदम घेऊ नये. आधी दोन चांगल्या पॅंटी आणि अंतर्वस्त्रे घ्यावीत, मग शर्ट किंवा ड्रेस. कोट किंवा जाकीट शेवटी घ्यावे, कारण ते उघडे ठेवूनही वापरता येते आणि चुकल्यास सर्वांत महाग पडते. आवडीच्या जुन्या कपड्यांत खांद्यात बसणारे जे असतील ते चांगल्या शिंप्याकडून आता कायमचे मापात करून घ्यावेत, आणि आत ठेवलेली जास्तीची माया कापायची असेल तर ती याच वेळी, एक-दीड सेंटीमीटर शिल्लक ठेवून कापावी.